तळपायाचा काळा डाग आणि ऊसतोडीचा हंगाम

दसरा-दिवाळीच्या सुमारास माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड आणि आसपासच्या गावा-तांड्यांमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. उचल आधीच घेतलेली असते, मुकादमाने कोयते मोजलेले असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. या धांदलीत टाचेवर वर्षभर असलेल्या काळ्या डागाकडे कोण बघणार? बघितले तरी त्याचे कारण ठरलेले असते. काटा मोडला असेल, कुरूप झाले असेल, भेगेत माती बसली असेल. बहुतेक वेळा ते खरेही असते. प्रश्न आहे तो ते खरे नसते तेव्हाचा.

त्वचेच्या कर्करोगाचे जे चित्र पाठ्यपुस्तकांतून आणि मोबाइलवरून आपल्यापर्यंत येते, ते गोऱ्या कातडीचे आहे. उन्हाने भाजलेली पाठ, तिच्यावर वेड्यावाकड्या कडांचा तीळ. तीळ दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, कडा स्वच्छ आहेत का, रंग एकच आहे का, आकार सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का, ही चार प्रश्नांची कसोटी अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडली. तीळ बदलतो आहे का, हा पाचवा प्रश्न २००४ मध्ये जोडला गेला. कसोटी चांगलीच आहे. पण ती लावायची कुठे, हे सावळ्या माणसांसाठी वेगळे सांगावे लागते.

मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. भारतात तो दुर्मिळ आहे; लाखात एकालाही होत नाही. आपल्या त्वचेतले रंगद्रव्य उन्हापासून पुष्कळसे संरक्षण देते. मात्र जो मेलॅनोमा आपल्याकडे होतो, त्याचा मोठा वाटा ऊन न लागणाऱ्या जागी असतो: तळपाय, तळहात, नखाखालची त्वचा, तोंडाच्या आतला भाग. उन्हाशी त्याचे नाते फारसे नाही, त्यामुळे क्रीम लावूनही तो टळत नाही. तळव्याच्या ज्या भागावर शरीराचा भार पडतो तिथे तो अधिक आढळतो, असे जपानमधील डॉक्टरांनी २०१६ मध्ये दाखवले. भाराने किंवा इजेने कर्करोग होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण दिवसभर उसाच्या फडात, बुडख्यांवर आणि पाचटावर वावरणाऱ्या पायाला इजा नवी नसते आणि खरा डाग त्या इजांच्या गर्दीत लपून जातो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये मेलॅनोमा सापडला, तोही आधी फुटबॉल खेळतानाची जखम समजला गेला होता. १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला.

ओळखायचे कसे? दगड लागून नखाखाली रक्त साकळले असेल तर तो डाग नखाबरोबर पुढे सरकतो. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते, पण दोन-तीन महिन्यांत डागाच्या मागे, मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. डाग तिथेच राहिला किंवा रुंदावला तर तो साकळलेल्या रक्ताचा नव्हे. आपल्या लोकांत अनेक बोटांच्या नखांवर उभ्या काळसर रेघा असतात, त्यांची भीती बाळगू नये. एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत जाणारी, नखाच्या कडेच्या कातडीवर रंग सांडणारी रेघ मात्र दाखवावी. तळव्यावरचा डाग वाढत असेल, त्यात काळा, तपकिरी, निळसर असे रंग मिसळले असतील, रक्त येत असेल तर कुरूप म्हणून त्याला ब्लेड लावू नये. यातही एक फसवी गोष्ट आहे. काही मेलॅनोमांना काळा रंगच नसतो; ते गुलाबी, ओलसर, न भरणाऱ्या जखमेसारखे दिसतात.

न भरणारी जखम हा दुसरा धागा, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतातील सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात धोतराच्या गाठीखाली कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन होते. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने कातडी काळवंडते, जाड होते, चिरते आणि क्वचित त्या व्रणात कर्करोग सुरू होतो. धोतरे गेली, पण विषय संपला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी अशाच दोन वृद्ध स्त्रियांची नोंद एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली. एक परकराची नाडी घट्ट बांधणारी, दुसरी परकराशिवाय कमरेला लुगडे कसणारी. पहिलीचा व्रण दीड वर्ष भरला नव्हता. बातम्यांत त्याला ‘पेटीकोट कॅन्सर’ असे नाव पडले आणि समाजमाध्यमांवर साडीच धोक्याची, असा गोंधळ झाला. साडीचा यात दोष नाही. कमरेची कातडी काळवंडून खाजू लागली तर नाडी सैल करावी, जागा बदलावी, आणि जखम महिनाभरात भरली नाही तर दाखवावी, एवढाच त्या नोंदीचा अर्थ आहे. भाजल्याचे जुने व्रण आणि बधिर पायावरच्या जुनाट जखमा यांनाही हेच लागू आहे.

आता बीड जिल्ह्याची गोष्ट. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात देशभरातील नोंदणी केंद्रांत कर्करोगाचे सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद-बीड यांच्या एकत्रित केंद्राचे निघाले: वयाचा फरक लक्षात घेऊन लाख पुरुषांमागे ३९.५ आणि लाख स्त्रियांमागे ४९.४. मिझोराममधील ऐजॉलमध्ये पुरुषांचा हाच आकडा २६९.४ होता. बीडचा आकडा ऐकून समाधान वाटावे, पण त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. ग्रामीण भागात कर्करोग खरोखर कमी असतो, हे काही अंशी बरोबर आहे. मात्र नोंद होते ती निदान झालेल्या रुग्णाची. ज्याच्या टाचेतला तुकडा कधी तपासलाच गेला नाही, तो त्या आकड्यात नाही.

शेजारच्या बार्शीने याचा अनुभव घेतला आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथे सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येत नाहीत म्हटल्यावर कार्यकर्ते गावोगावी फिरले, लक्षणे समजावून सांगू लागले. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागले, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. महागडी यंत्रे नव्हती. कोणीतरी घरी येऊन विचारले होते.

सध्याच्या सरकारी तपासणी मोहिमेत तिशीपुढील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी पाहणी होते. त्वचा त्यात नाही, आणि इतक्या दुर्मिळ आजारासाठी स्वतंत्र मोहीम मागणेही रास्त नाही. पण आशा कार्यकर्त्या कुष्ठरोग शोध अभियानात घरोघरी जाऊन अंगावरचे चट्टे पाहतातच. त्या फिकट, लालसर, बधिर चट्टा विचारतात. तळपायावर काळा डाग किंवा महिनाभर न भरलेली जखम आहे का, हा प्रश्न जोडायला नवे पद लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. हे अजून का झालेले नाही, असा प्रश्न जिल्हा आरोग्य विभागाला विचारायला हरकत नाही.

शंका आली तर पुढे काय? १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. ई-संजीवनीवर तज्ज्ञाचा सल्ला मिळू शकतो, पण डाग संशयास्पद असेल तर तुकडा काढून तपासण्याला पर्याय नाही. दिंद्रुडच्या रुग्णासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे त्वचारोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात मिळण्याचे ठिकाण. कर्करोग निघाला तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आहे. ‘सुई लागली की पसरतो’ या भीतीने लोक तुकडा द्यायला नकार देतात. वस्तुस्थिती उलटी आहे. चुना लावून मस जाळणे, घोड्याच्या केसाने चामखीळ आवळणे, कुरूप म्हणून कापून फेकून देणे यांत तपासायला काहीच उरत नाही, आणि खालचा रोग वाढत राहतो.

मेलॅनोमाचे सगळे भवितव्य खोलीवर ठरते, आणि ती मिलिमीटरमध्ये मोजली जाते. एक मिलिमीटरहून कमी खोल असताना काढला तर परदेशातील आकडेवारीनुसार दहापैकी नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरल्यावर ज्या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांच्या संशोधनाला २०१८ चे नोबेल मिळाले, त्यांचा खर्च लाखांत जातो आणि तळव्याच्या मेलॅनोमावर ती इतर प्रकारांइतकी लागू पडत नाहीत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगासाठी डे-केअर केंद्र देण्याची घोषणा झाली. त्यामुळे केमोथेरपीसाठीची मुंबई-पुण्याची वारी वाचेल. निदानाच्या आधीचा प्रवास मात्र तसाच राहतो.

आणि तो प्रवास बीडमध्ये हंगामात अडकतो. तुकडा घेतल्यापासून अहवाल यायला आठ-पंधरा दिवस जाऊ शकतात. केसपेपरवर पत्ता दिंद्रुडचा असतो, रुग्ण तेव्हा सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा बेळगावच्या एखाद्या फडात असतो. उचल फिटल्याशिवाय परत येता येत नाही. परतीला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणून डाग दाखवायचा तो गणपती ते दसरा या काळात, टोळी निघण्यापूर्वी. केसपेपरवर गावाच्या पत्त्याबरोबर मुकादमाचा आणि घरी राहणाऱ्या कोणाचा तरी मोबाइल क्रमांक लिहून घ्यायला नोंदणी खिडकीवर अर्धा मिनिट लागतो.