विशेषणांचे विकार

जर्मन भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला लवकरच एक कोष्टक भेटते आणि त्याचा धीर खचतो. तीन लिंगे, चार विभक्ती, दोन वचने आणि त्यांनुसार विशेषणाला लागणारे निरनिराळे प्रत्यय! मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने 1880 साली एका निबंधात या विशेषणांची यथेच्छ थट्टा केली. परंतु माझे मत असे, की मराठी मुलाने त्यांना भिण्याचे कारण नाही. त्याची स्वतःची मराठी तेवढी शाबूत असली पाहिजे.

त्या कोष्टकामागील तत्त्व साधे आहे. नामाचे लिंग व विभक्ती कोणीतरी एकाने स्पष्ट सांगावी; ती सांगून झाली, की दुसऱ्याने तो भार वाहू नये. 'देर गुटे मान' म्हणजे 'तो चांगला माणूस'. येथे 'देर' हे उपपदच पुल्लिंग व प्रथमा सांगते, म्हणून विशेषण 'गुटे' एवढ्यावर थांबते. 'एक चांगला माणूस' म्हणताना मात्र 'आइन गुटर मान' असे होते. 'आइन' वरून पुल्लिंग की नपुंसकलिंग हे कळत नाही. तेव्हा 'देर' मधला 'र' विशेषणाला उचलावा लागतो. चतुर्थीत पुल्लिंगी 'देम' आणि स्त्रीलिंगी 'देर' ही उपपदे सर्व काम करतात. म्हणून 'देम गुटेन मान' (माणसाला) आणि 'देर गुटेन फ्राउ' (बाईला), दोन्हीकडे विशेषण एकच, 'गुटेन'.

आता आपल्या घरात पाहू. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल, अशी तीन लिंगांची तीन रूपे आपण न शिकता बोलतो. पण नामाला विभक्तिप्रत्यय लागताच चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या मुलांना! विशेषणाचे सारे भेद 'चांगल्या' या एका रूपात विरून जातात, कारण पुढचा भार नामाने घेतलेला असतो. जर्मन भाषेचे 'गुटेन' आणि आपले 'चांगल्या' ही अशी एकाच स्वभावाची रूपे आहेत. एका बाबतीत तर जर्मन अधिक सोपी आहे. 'माणूस चांगला आहे', 'बाई चांगली आहे' असे आपण म्हणतो. जर्मन मनुष्य दोन्हीकडे नुसते 'गुट' म्हणून मोकळा होतो.

माझी मातृभाषा कोकणी. तिच्यातही बरो चलो, बरी चली, बरें भुरगें अशी तीन लिंगे नांदतात. मुलीला 'मेटशेन' म्हणून नपुंसकलिंगात घालणाऱ्या जर्मनांचे पुष्कळांना नवल वाटते. आमच्या कोकणीतले 'चेडूं' हेही मुलगीच असून नपुंसकलिंगी आहे!

हे सर्व गोविंदपुऱ्यातील मुलांना सांगण्याचे विशेष कारण आहे. 1956 साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्समुळे, म्हणजे आजच्या 'भेल'मुळे, येथे नाना प्रांतांची कुटुंबे येऊन वसली. बाजारात, मैदानावर, बसमध्ये हिंदी बोलली जाते, आणि ती चांगली यावी हे योग्यच. परंतु हिंदीत लिंगे दोनच, आणि स्त्रीलिंगी विशेषण विभक्तीपुढेही बदलत नाही: 'अच्छी लड़की को', 'मेरी बहन को'. त्यामुळे आपली मुले सहज 'माझी बहिणीला सांग' म्हणून जातात. 'माझ्या' हे रूप हरवते, नपुंसकलिंगही डळमळू लागते. यात मुलांना रागावण्यासारखे काही नाही. पण घरच्यांनी ऐकूनही सोडून द्यावे, असेही नाही. जे आपल्याला जन्मतः मिळाले, तेच पुढे परक्या भाषेत कोष्टकाने घोकण्याची पाळी यावी, हे दुर्दैवच होय.

इरावतीबाई कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या आणि जर्मन भाषेत प्रबंध लिहून 1930 साली त्यांनी तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्याच इरावतीबाईंनी पुढे 'युगान्त' सारखा ग्रंथ मराठीत लिहिला. परभाषा आणि स्वभाषा एकमेकींच्या वैरिणी नव्हेत, याला आणखी पुरावा कशाला?

म्हणून विद्यार्थिमित्रहो, व्याकरणाचे कोष्टक पाठ करण्यापूर्वी 'हा भार येथे कोण वाहतो?' असा प्रश्न विचारा. आणि पालकांना एवढीच विनंती, की जेवणाच्या पानावर तरी मुलांशी मराठीत बोला. 'माझ्या बहिणीला' हे कानावर पडत राहिले, तर ते शिकवावे लागणार नाही.