पेरणीनंतरचा ग्राहक

आज, २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. सरकारी कार्यालयांत भाषणे होतील, वजनमापे आणि गॅसचे स्टॉल लागतील. नांदेड-लातूरचा सर्वांत मोठा ग्राहक मात्र त्या मांडवात क्वचितच दिसेल. तो हरभऱ्याला पाणी देतो आहे, नाहीतर तुरीच्या राशीवर आहे. नांदेडचा नवा मोंढा असो की लातूरची गंजगोलाई, बाजारपेठ चालते ती त्याच्या खरेदीवर.

हल्ली मोबाइल घेतला की दुसऱ्या दिवशी फोन येतो: आमची सेवा कशी वाटली, किती गुण द्याल? सोयाबीनच्या पिशव्या नेलेल्याला आठव्या दिवशी ‘उगवलं का?’ असे विचारणारा फोन येत नाही. डीलरने किती माल उचलला, कोण सहलीला पात्र ठरला, हे कंपनीला तोंडपाठ असते. त्या पिशव्या कुणाच्या शिवारात गेल्या, याची नोंद ती कशाला ठेवील?

२०२० च्या खरिपात याचा हिशेब झाला. मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. त्यात खासगी कंपन्या होत्या, तसे सरकारी महाबीजही होते. औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आदल्या ऑक्टोबरात अवकाळी पावसाने काढणीचे सोयाबीन भिजले होते. या बियाण्याचे टरफल पातळ. मळणीचा दणका किंवा पोत्यांची उंच थप्पीही त्याला सोसत नाही. तेव्हा धोका कळायला भविष्यवेत्ता नको होता. लेबलवर मात्र उगवणीचे नेहमीचे ७० टक्के छापलेलेच होते.

पेरणी खोल गेली, पाऊस पुरेसा झाला नव्हता, ही कंपन्यांची उत्तरे दर वेळी खोटी नसतात. पण हाच शेतकरी अडतीवर माल नेतो, तेव्हा मॉइश्चर मीटर लागते, डाग आणि माती बघितली जाते, भाव तिथल्या तिथे पाडला जातो. तो घेतो तेव्हा पारखायला काही नसते. त्यातून उधारीवर घेणाऱ्याने वाण निवडायचे म्हणजे दुकानदार देईल ते घ्यायचे. युरिया हवा तर सोबत नको असलेली बाटली घ्या, हे ‘लिंकिंग’ तर मोंढ्यात कुणालाही विचारा.

शेतकरी व्यापारी हेतूने बियाणे घेतो, म्हणून तो ग्राहकच नव्हे, असा युक्तिवाद कंपन्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात न्यायालयाने तो फेटाळला. तपासणीसाठी बियाण्याचा नमुना राखून ठेवा, ही अपेक्षाही शेतकऱ्याकडून धरता येत नाही, हे मान्य झाले. जो सगळे पेरतो, तो काय राखणार! २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची सोय दिली. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असे कायदा म्हणतो. सोयाबीनचे पीक जेमतेम साडेतीन महिन्यांचे.

म्हणून खरे काम दुकानातच आहे, आणि ते फार खर्चाचे नाही. लॉट नंबर लिहिलेले पक्के बिल मागावे न लागता मिळावे. बिलावरच्या मोबाइल नंबरवर कंपनीने आठवडाभराने फोन करावा. एका लॉटच्या चार तक्रारी आल्या की तो लॉट त्याच दिवशी दुकानातून उचलावा. तक्रार निवारण समितीच्या पंचनाम्याची वाट बघू नये. तिकडे कृषी विभाग दर मे महिन्यात शेतकऱ्याला सांगतो, गोणपाटात शंभर दाणे ठेवून घरच्या बियाण्याची उगवण तपासा. ही चाचणी दुकानदाराने विकायच्या प्रत्येक लॉटवर करून निकाल दारावर लावायला काय हरकत आहे? शंभर दाणे, एक ओले गोणपाट आणि आठवडाभराची सवड. खरीप अजून साडेपाच महिने दूर आहे.