'गेलाय' म्हणायची घाई

आपल्या होस्टेलमध्ये कुठल्याही यंत्राचं पोस्टमॉर्टेम एका शब्दात उरकतं. "गेलाय!" पंखा गेलाय, माउस गेलाय, आणि मागच्या महिन्यात माझ्या रूम-पार्टनरच्या जुन्या लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्हही "गेला". दुकानातही तोच निकाल मिळाला. वर सल्ला, आता डीव्हीडी कोण वापरतं, पेनड्राइव्ह घे!

सल्ला तसा बरोबर. पण त्याच्याकडे 2009 सालच्या काठीच्या होळीची डीव्हीडी होती. अक्कलकुवा तालुक्यातली ही राजवाडी होळी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. रात्रभर ढोल, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू. त्या गर्दीत त्याचे आजोबा नाचताना दिसतात. आजोबा आता नाहीत, आणि घरात त्यांचा एकही फोटो नाही.

माझं म्हणणं एवढंच, की इंजिनिअरिंगला आल्यावर तरी पहिला प्रश्न "गेला का?" असा नसावा, "कुठपर्यंत चालतोय?" असा असावा. ट्रे उघडत होता, दिवा लुकलुकत होता, बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव दिसत होतं. म्हणजे वीज पोचतेय, जोडणी शाबूत आहे. फक्त विंडोजमध्ये आयकॉन नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड 39. हा जुनाच घोळ आहे. सीडी राइट करायची सॉफ्टवेअर्स टाकली-काढली की रजिस्ट्रीत अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स नावाच्या नोंदी मागे राहतात आणि ड्रायव्हरची वाट अडवतात. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घेतला (हे विसराल तर खरंच काहीतरी जाईल!), ड्राइव्हच्या क्लासमधल्या त्या दोन नोंदी काढल्या, रीस्टार्ट केलं. आयकॉन हजर! फॉरमॅट मारायची गरजच पडली नाही.

पण सीडी चालली, डीव्हीडी चालेना. "बघ, गेलाच आहे," म्हणणारे चार जण लगेच कॉटभोवती जमले. आता बघा, सीडीवर शेजारच्या दोन रेघांत 1.6 मायक्रॉन अंतर असतं, डीव्हीडीवर फक्त 0.74. लेसरही वेगळे, सीडीला 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीला 650 चा. म्हणजे एकतर डीव्हीडीचा लेसर थकलाय, नाहीतर भिंगावर धूळ बसलीय, कारण बारीक रेघांना धूळ जास्त बाधते. लेसर बदलणं आपल्या हातात नाही, धूळ पुसणं आहे. मग आधी धूळच! लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली, सरळ केलेली पेपर क्लिप बारीक भोकात घालून ट्रे उघडला. लॅपटॉपमध्ये भिंग ट्रेबरोबरच बाहेर येतं. कापसाच्या काडीला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल (लॅबमधून मागून आणलेलं, ढापलेलं नाही) लावून अलगद पुसलं.

डीव्हीडी फिरली, अडखळली, पुन्हा फिरली. आधी कॉपी, मग बघायचं, हा माझा हट्ट. कॉपी झाल्यावर पाहिलं. आजोबा थोडाच वेळ दिसतात, तेही बरेचसे पाठमोरे. तो काही बोलला नाही, तेवढाच भाग मागे घेऊन पुन्हा लावत राहिला.

असो. लायब्ररीच्या कपाटात सीनियर्सच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या सीड्या पडून आहेत. राइट केलेल्या सीडीतला रंगाचा थर वर्षांगणिक खराब होत जातो, आणि नव्या लॅपटॉप्सना बहुधा ड्राइव्हच नसतो. चालू असलेला एक ड्राइव्ह आमच्या रूममध्ये आहे. लायब्ररीच्या सरांनी नुसती हाक मारावी, रविवारी आम्ही दोघं मोकळेच असतो.