फ्रॉखन आणि केशवाहिन्या

आयर्लंडमधल्या डंडॉकजवळच्या कूली डोंगरांत जुलै सरताना गुडघ्याएवढ्या झुडपांना निळीकाळी फळं धरतात. आयरिशमध्ये त्यांना ‘फ्रॉखन’ म्हणतात. दुकानातली ब्लूबेरी आतून फिकी असते. हे फळ आतपर्यंत जांभळं. दोन-चार खाल्ली की जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी रंगते. हा रंग अँथोसायनिन्सचा, आणि केशवाहिन्या बळकट करणारं औषध म्हणून युरोपात या फळाचा अर्क विकला जातो तो त्यांच्याच जोरावर.

ही कल्पना जुनी आहे. १९३६ मध्ये हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी केशवाहिन्यांची गळती रोखणाऱ्या फ्लॅवोनॉइड्सना ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं; पुढे ते जीवनसत्त्व ठरलं नाही. फ्रॉखनच्या अर्कापेक्षा घोडा-चेस्टनटच्या बियांतल्या एस्सिन या घटकाचा पुरावा भक्कम आहे. शिरांच्या विकारातली पायांची सूज आणि दुखणं त्याने कमी झाल्याचं अल्पकालीन चाचण्यांत दिसलं. मात्र त्या कच्च्या बिया विषारी असतात, उद्यानातून वेचून काढा करू नये.

फ्रॉखन खुशाल खा. अर्काच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी: रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि आईबाबांसाठी बाटली गावी पाठवतानाही हे विसरू नका.