प्रेक्षक नको, पंच व्हा!

आज थोड्या लांबच्या विषयावर बोलायचं आहे. विषय आहे मुलांच्या स्कीइंग स्पर्धांचा. आपल्याकडे स्कीइंग म्हटलं की गुलमर्ग आणि औली ही दोन नावं आठवतात. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकटाच खेळाडू गेला होता, काश्मीरचा आरिफ खान. तेव्हा 'आमच्या शाळेला याचा काय उपयोग?' असं तुम्ही विचारलंत तर ते योग्यच आहे. पण मला खेळाडूंबद्दल सांगायचं नाही. त्या शर्यतीच्या कडेला उभ्या राहणाऱ्या आई-बाबांबद्दल सांगायचं आहे.

अमेरिका, कॅनडा, नॉर्वे अशा देशांत मुलांच्या स्की शर्यती बऱ्याच प्रमाणात पालकांच्या जोरावर चालतात. पगारी माणसं मोजकीच असतात. पहाटे उठून उतारावर जाळ्या बांधायच्या, बर्फात भोकं पाडून काठ्या रोवायच्या, मुलांना क्रमांकाची बंडी वाटायची आणि शर्यत संपली की ती मोजून परत घ्यायची. मुलं सुरुवातीच्या ठिकाणी अंगावरचे जाड कोट काढून ठेवतात, ते गोळा करून खाली पोचवायचे. काही जण स्की आडव्या धरून उतारावरून घसरत येतात, म्हणजे शर्यतीत पडलेल्या चाकोऱ्या आणि भुसभुशीत बर्फ पुन्हा सारखा होतो. इलेक्ट्रॉनिक घड्याळ असलं तरी हातात स्टॉपवॉच घेऊन वेळ नोंदवणारे वेगळे असतात, कारण यंत्र कधी दगा देईल याचा नेम नाही. यातली बहुतेक कामं करायला स्कीइंगमध्ये तरबेज असावं लागत नाही. वेळेवर यायचं आणि सांगितलेलं काम नीट करायचं, एवढंच.

या सगळ्या कामांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते गेट जजचं काम. स्लालम नावाच्या शर्यतीत उतारावर लाल-निळ्या काठ्या रोवलेल्या असतात. मुलांनी त्या काठ्यांनी आखलेल्या गेटमधून वळणं घेत खाली यायचं असतं. नियम असा, की दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पाय गेटच्या रेषेवरून गेले पाहिजेत. एक पाय काठीच्या आत आणि एक बाहेर गेला, तर ती चूक. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर घडतं. गेट जजच्या वाट्याला मोजकीच गेट असतात. हातात एक कार्ड आणि पेन्सिल. चूक दिसली की मुलाचा क्रमांक, गेटचा क्रमांक लिहायचा आणि स्की कशी गेली त्याचं छोटं चित्र काढायचं.

यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, चूक झाली अशी पूर्ण खात्री असेल तरच ती लिहायची. शंका असेल तर फायदा मुलाला. दुसरी, आजूबाजूचे लोक काय ओरडतात त्यावर जायचं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच खरं. तिसरी, मूल गोंधळून थांबलं आणि त्याने विचारलं, तर चूक झाली आहे की नाही हे स्पष्ट सांगायचं, म्हणजे पुढे जायचं की मागे फिरायचं हे त्याला कळतं. मुलाला बाद करण्याचा निर्णय गेट जज घेत नाही. तो मुख्य पंच घेतो. बाद झालेल्यांची यादी लागते, कोणत्या गेटवर चूक झाली तेही त्यात असतं, आणि हरकत घ्यायला साधारणपणे १५ मिनिटं मिळतात. हरकत आली की गेट जजला बोलावून त्याचं कार्ड पाहतात.

आता विचार करा. त्या उतारावरून सगळीच मुलं येणार. शेजाऱ्याचा मुलगा येणार, आपली स्वतःची मुलगीही येणार. ती आपल्यासमोरून जाताना तिचा पाय काठीच्या आत गेला, आणि ते दुसऱ्या कुणी पाहिलंच नाही, तर? कार्ड आपल्या हातात आहे. पेन्सिलही आपल्याच हातात आहे.

मला वाटतं, मूल्यशिक्षणाचा याहून मोठा पाठ कोणत्याही पुस्तकात नाही. आपण वर्गात प्रामाणिकपणावर तास घेतो, फळ्यावर सुविचार लिहितो. पण मूल सुविचार वाचून शिकत नाही, मोठ्यांना बघून शिकतं. आईने आपली चूक लिहिली, आणि तरी घरी जाताना ती आपल्याशी नेहमीसारखीच प्रेमाने बोलत होती, हे ज्या मुलीने अनुभवलं तिला न्याय आणि माया या दोन्ही गोष्टी एकत्र कळतात.

दुसरा फायदा पालकांचा. दिवसभर पन्नास-साठ मुलं डोळ्यांसमोरून गेली की आपलंच मूल तेवढं दिसणं कमी होतं. पडून पुन्हा उठणारं मूल दिसतं. शेवटून पहिलं येऊनही हसणारं मूल दिसतं. मग 'आमच्या बाळावर अन्याय झाला' हे वाक्य ओठांवर यायच्या आधी माणूस जरा थांबतो.

सगळं तिथे छान आहे असं मुळीच नाही. स्कीइंग महागडा खेळ आहे. अनेक क्लब प्रत्येक कुटुंबाकडून ठरावीक दिवस काम मागतात आणि त्यासाठी अनामत रक्कम ठेवून घेतात. काम केलं नाही तर ती जाते. साहजिकच ज्यांच्याकडे पैसा आहे ते रक्कम सोडून देतात आणि मोकळे होतात. सेवेला अशी किंमत लावली की ती विकत घेता येते, हे माझं स्पष्ट मत आहे. नॉर्वेत याच कामाला 'दुगनाद' म्हणतात, सगळ्यांनी मिळून करायचं काम. आपल्याला तरी ही कल्पना नवी कुठे आहे? आपल्याकडे इर्जिक होतीच की! गावातले शेतकरी आपापली औतं घेऊन एकाच्या शेतावर जायचे, दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी तिथेच जेवायचे. तिथे अनामत नव्हती. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, एवढा विश्वास होता.

मग हीच इर्जिक शाळेच्या मैदानावर का नको? आपल्या क्रीडा सप्ताहाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एकटे क्रीडाशिक्षक फक्की मारतात, शिट्टी वाजवतात, निकाल लिहितात आणि पालकांची बोलणीही खातात. पालक दोरीच्या बाहेर मोबाईल उंच धरून उभे. शंभर मीटरचा निकाल लागला की 'सर, आमचा दुसरा आला होता!' खरं तर शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. कागदावर पालक शाळेचे भागीदार आहेतच. मैदानावर मात्र ते पाहुणे असतात.

'पालकांच्या हातात निकाल दिला तर भांडणं वाढतील,' अशी शंका शिक्षक घेतील. ती खोटी नाही. पण उपाय साधा आहे. आदल्या दिवशी अर्धा तास बसून नियम समजावून सांगा. अंतिम रेषेवर दोन पालक ठेवा, दोघांनीही न बोलता आपापल्या कागदावर क्रमांक लिहायचे. कागद जुळले नाहीत तर निर्णय शिक्षकांचा. सुरुवातीला स्वतःचं मूल नसलेल्या शर्यतीचंच काम द्या. ज्यांचं पोट रोजंदारीवर आहे त्यांना पूर्ण दिवस मागू नका, तासाभराचं काम द्या. पाणी देणं, लांब उडीचा खड्डा सारखा करणं, पडलेल्या मुलाच्या गुडघ्याला औषध लावणं, ही कामंही तितकीच मोठी आहेत. आणि पालकहो, शाळेने बोलावलं नाही तर तुम्हीच विचारा, 'सर, मी काय करू?'

या वर्षीच्या क्रीडा सप्ताहाला एक तास तरी दोरीच्या आत या. हातात कागद-पेन्सिल घ्या आणि दुसऱ्यांच्या मुलांकडे नीट बघा. आपलं मूल आपल्याकडे बघतच असतं.