परत आलेले नाणे

नगरच्या कापड बाजारात आणि आडते बाजारात पिढ्यान्‌पिढ्या एक रीत चालत आली आहे. गिऱ्हाईक गादीसमोर बसते, माल हाताळते, घासाघीस करते आणि मगच पैसे मोजते. पसंत न पडल्यास ते उठून जाते. व्यवहार दुकानाच्या पायरीवरच मिटतो. मोबाईलवरून होणाऱ्या विक्रीत हा क्रम उलटतो. गिऱ्हाईक पैसे आधी देते आणि वस्तू नंतर पाहते. पूर्वी गादीसमोर होणारी पारख आता विक्रीनंतर, शेकडो कोसांवरच्या एखाद्या घरात होते. त्यामुळे परताव्याची मागणी आली म्हणून व्यापाऱ्याने दचकण्याचे कारण नाही. तिला उत्तर कसे द्यावे, हे मात्र त्याला ठाऊक असले पाहिजे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदाने वसविलेल्या आणि २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव धारण केलेल्या या नगरीवरून निजामशाही, मोगल, मराठे आणि इंग्रज अशा अनेक राजवटी गेल्या. प्रत्येकीची नाणी जुन्या घरांच्या पेट्यांत राहिली. व्यापारी घराण्यांतील तरुण पिढी अशी नाणी, टपाल तिकिटे, पितळी समया, जुनी वजने-मापे इंटरनेटवरून विकू लागली आहे. धान्य किंवा कापडाचा भाव बाजार ठरवितो. संग्राह्य वस्तूचा भाव तिच्या अस्सलपणावर ठरतो. म्हणूनच या व्यापारातील तक्रार केवळ पैशांची नसते, विक्रेत्याच्या शब्दावर येते.

एका अंकाची गोष्ट

समजा, एका दुकानातून सहावे जॉर्ज यांचा १९३९ सालचा चांदीचा रुपया गुवाहाटीच्या एका संग्राहकास विकला गेला. हे साल दुर्मीळ आहे. त्या रुपयास हजारोंच्या घरात किंमत येते. १९३८ चा रुपया मात्र सहज मिळतो. त्यामुळे १९३८ मधील शेवटचा आठ कोरून नऊ करण्याची लबाडी संग्राहकांच्या जगात जुनीच आहे. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाचा निरोप येतो : “साल कोरलेले आहे, पैसे परत द्या.”

दुकानदार नाणे विकण्यापूर्वी तोलून पाहत असतो. वजन ११.६६ ग्रॅम भरते, चांदीचा कस बरोबर उतरतो. त्याला वाटते, गिऱ्हाईक खोटे बोलत आहे. परंतु येथे तराजू निरुपयोगी आहे. नाणे टाकसाळीचेच आहे, चांदीही तीच आहे. लबाडी फक्त एका अंकात आहे. ती भिंगाखालीच दिसते : अंकाभोवतीचा पृष्ठभाग खरवडलेला, कडांना टाकसाळीच्या ठशाचा गोलावा नाही, आणि शेजारच्या तिनाशी त्या नऊचे वळण जुळत नाही. विक्रीपूर्वी त्या अंकाचे जवळून घेतलेले छायाचित्र असते, तर वाद उभाच राहिला नसता; कदाचित विक्रीही झाली नसती.

पहिले उत्तर

मागणी आली की त्याच दिवशी उत्तर जावे. उत्तरात आरोपही नसावा आणि घाईची कबुलीही नसावी. “आपला निरोप मिळाला. शंका असलेल्या भागाची छायाचित्रे कृपया पाठवावीत. दोन दिवसांत निर्णय कळवितो,” एवढे पुरे. गप्प राहिल्याने गिऱ्हाइकाची शंका पक्की होते, आणि रागाने लिहिलेले वाक्य पुढे पुरावा म्हणून वापरले जाते.

त्यानंतर मागणीचा प्रकार ओळखावा. वस्तू नकली किंवा वर्णनापेक्षा वेगळी निघाली, तर दोष विक्रेत्याचा. संपूर्ण रक्कम आणि जाण्यायेण्याचा खर्च त्यानेच द्यावा. वाटेत मोडतोड झाली असेल, तर दोष बांधणीचा किंवा वाहतुकीचा. गिऱ्हाइकाला त्यात गुंतवू नये, कुरियरशी विक्रेत्याने स्वतः भांडावे. नाणी आणि मौल्यवान वस्तूंची जबाबदारी अनेक कुरियर कंपन्या अटींतच नाकारतात, म्हणून माल पाठविण्यापूर्वीच त्या अटी वाचाव्यात. केवळ मन बदलले असेल, तर दुकानाने आधी जाहीर केलेला नियम लागू करावा : उदाहरणार्थ, सात दिवसांत वस्तू जशीच्या तशी परत आल्यास वाहतूकखर्च वगळून रक्कम मिळेल. हा नियम जाहिरातीतच लिहिलेला असावा. तक्रार आल्यावर सुचलेला नियम कोणी मानत नाही.

कायदा काय म्हणतो

अनेक पावत्यांच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य छापलेले असते. मन बदललेल्या गिऱ्हाइकापुरते ते उपयोगी पडेल. सदोष वा नकली मालाच्या बाबतीत त्याचा आधार घेता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि दिली नसेल तर तीस दिवसांत हा परतावा द्यावा लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बाजारमंचावरील विक्रेत्याला, माल सदोष, नकली किंवा जाहिरातीतील वर्णनाशी विसंगत असल्यास तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तिचा निकाल एका महिन्यात लावावा, असेही ते नियम सांगतात. घरातील एखादी जुनी वस्तू कधीतरी विकणाऱ्या खासगी व्यक्तीला हे नियम लागू नाहीत. नियमितपणे विक्री करणाऱ्याला ते लागू आहेत.

आणखी एक तरतूद व्यापाऱ्याने विसरू नये. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तो तक्रार करू शकतो. गुवाहाटीच्या गिऱ्हाइकाची तक्रार गुवाहाटीतच उभी राहील. नाण्याच्या किमतीपेक्षा तारखांचा खर्च मोठा होण्यास वेळ लागत नाही.

शंभर वर्षांची रेघ

वरील उदाहरणातील रुपया १९३९ चा आहे. शिवराई किंवा निजामशाहीचे तांब्याचे नाणे असते, तर प्रश्न निराळा झाला असता. पुरावशेष कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती आणि कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरतात. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. निर्यातीच्या गुन्ह्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावासाची शिक्षा आहे. परदेशी गिऱ्हाइकाने शिवराई मागितली, किंवा अस्सलपणाची खात्री करण्यासाठी ती अमेरिकेतील प्रमाणन कंपनीकडे पाठवावी असा आग्रह धरला, तरी नकारच द्यावा. ज्या सौद्याचा माल पाठविणेच बेकायदेशीर, त्याचा परतावा हा सर्वांत लहान प्रश्न असतो. नाण्यांचे शास्त्र शिकण्यासाठी तर जवळच नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. तरुण विक्रेत्यांनी तिचा लाभ घ्यावा.

परत आलेले पाकीट

सगळी गिऱ्हाइके सरळ नसतात. अस्सल नाणे ठेवून घ्यायचे आणि नकली परत पाठवायचे, ही युक्ती या व्यापारात अपरिचित नाही. तिच्यावर उपाय भांडणाचा नाही, नोंदीचा आहे. नाण्याच्या दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे, ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन, मिलिमीटरमध्ये व्यास, तसेच ओरखडा, डाग, ठशातील तडा अशा त्या एकाच नाण्याच्या खुणा वहीत टिपून ठेवाव्यात. पाकीट बंद करतानाचे सलग चित्रीकरण करावे आणि परत आलेले पाकीट उघडतानाही करावे. नाणे जुळले की रक्कम लगेच द्यावी. जुळले नाही तर दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून शांतपणे कळवावे.

रक्कम ज्या मार्गाने आली, त्याच मार्गाने परत करावी. “परतावा घेण्यासाठी हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका,” असे कोणी सांगितले तर तेथेच थांबावे. यूपीआयमध्ये पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांवर शुल्क वा कर मागणाऱ्यांविषयी त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावध केले होते. विक्रीवर जीएसटी भरलेला असेल, तर परताव्यासोबत क्रेडिट नोट काढावी. नाहीतर पैसे गेले आणि करही गेला, अशी अवस्था होते.

खरी परीक्षा

गिऱ्हाइकाला पैसे मिळाले, तक्रार मिटली आणि कोरलेल्या सालाचा रुपया दुकानात परत आला. व्यापाऱ्याची परीक्षा येथून सुरू होते. पैसे तर गेलेच आहेत. नाणे पुन्हा जाहिरातीत टाकले, तर भिंग न वापरणारा एखादा नवशिका संग्राहक ते घेईलही. कदाचित त्याच्या कधी लक्षातही येणार नाही. घरात चर्चा होते. कोणी म्हणते, आपणही ते खरे समजूनच घेतले होते, मग तोटा आपणच का सोसावा?

याचे उत्तर जैन व्यापाऱ्याला नवे नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी तसेच दिसणारे खोटे खपविणे, याची गणना शतकांपूर्वीच झालेली आहे. पहिल्या विक्रीच्या वेळी दुकानदार अजाण होता. दुसऱ्या विक्रीच्या वेळी तो जाणता असेल. नाणे तेच असले, तरी विकणारा तोच राहिलेला नसतो.

म्हणून परत आलेली नकली वस्तू विक्रीच्या पेटीत जाऊ नये. ज्याच्याकडून ती घेतली, त्याला खरेदीच्या पावतीसह परत करावी. त्याने नाकारले, तर तिच्यावर ‘सालात फेरफार’ अशी चिठ्ठी लावून ती दुकानातच ठेवावी. नव्या पिढीच्या हाती प्रथम तेच नाणे आणि एक भिंग द्यावे. तोटा खतावणीत मांडावा आणि पान उलटावे. गुवाहाटीचा तो संग्राहक पुन्हा खरेदीसाठी आला, तर तो याच दुकानाचे नाव शोधत येईल.