पहिल्या वर्षाचे मार्क आणि आजीचं नाव

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. रात्री जेवणं आटोपून ओटा पुसत होते, तेवढ्यात न्यू जर्सीहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला.

"मावशी, एक पान वाचून देशील? आईला अजून दाखवलं नाहीये."

वडोदऱ्यात तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे घरातल्या मुलांचे अर्ज, निबंध, प्रोजेक्ट सगळं माझ्याकडे येतं. हे पान मात्र वेगळं होतं. भाची कॉलेजच्या चौथ्या वर्षाला होती आणि मेडिकलला अर्ज करणार होती. पहिल्या वर्षी तिचे मार्क पडले होते. ते का पडले, हे तिला लिहायचं होतं.

आपल्याकडच्या मुलांना हे ऐकून नवल वाटेल. नीटला ७२० पैकी किती, यावर आपलं बरंचसं ठरतं. अकरावीत काय झालं होतं, हे कोणी विचारत नाही आणि सांगायला जागाही नसते. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल. तिथल्या बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज 'अ‍ॅमकॅस' या एकाच सेवेतून जातो आणि त्यात कॉलेजच्या पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक विषय येतो. नापास झालेला विषय पुन्हा देऊन 'ए' मिळवला, तरी सरासरीत दोन्ही वेळचे मार्क धरतात. शिवाय जीव, रसायन, भौतिक आणि गणित यांची सरासरी वेगळी काढतात, तीही वर्षवार. म्हणजे झाकायची सोयच नाही. पण कारण सांगायची सोय आहे.

भाचीने लिहिलं होतं, 'पहिल्या वर्षी भारतात माझी आजी गंभीर आजारी पडली आणि वारली. त्या धक्क्यामुळे माझा अभ्यास मागे पडला.'

मी ते दोनदा वाचलं. आजी म्हणजे माझी आई. शेवटचे सहा आठवडे मीच तिच्या उशाशी होते.

"अगं, तुझा रसायनातला सी कधीचा?"

"फॉल सेमिस्टरचा."

"म्हणजे डिसेंबरचा. आजी पडली मार्चमध्ये. डिसेंबरात ती रोज संध्याकाळी माझ्याबरोबर दांडिया बाजारातून सूरसागरपर्यंत चालत येत होती."

पलीकडे शांतता. दुसऱ्या सेमिस्टरचे, म्हणजे आजी आजारी होती त्या महिन्यांतले तिचे मार्क पहिल्यापेक्षा थोडे बरेच होते. ते तिलाही दिसत होतं.

मग हळूहळू बाहेर आलं. ऑक्टोबरच्या परीक्षेत रसायनात १०० पैकी ४१ पडले होते. शाळेत नेहमी पहिल्या तिघांत असलेल्या मुलीला हे कुणाला सांगावंसंच वाटलं नाही. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना गेलं की आपल्याला येत नाही हे कबूल करावं लागणार, म्हणून गेलीच नाही. वर्गात मागे बसायला लागली. रविवारी कॉलवर आजी विचारायची, "अभ्यास झेपतोय ना गं?" आणि ही म्हणायची, "हो आजी, मस्त चाललंय."

"मावशी, मी आजीशी खोटं बोलले आणि आता तिचंच नाव पुढे करतेय," असं म्हणून ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. लेकीने रात्रीच तिला सगळं सांगितलं होतं. ताईचं म्हणणं, "आजीचं लिहू दे की. आई गेली हे काय खोटं आहे? सगळेच काहीतरी लिहितात." मी म्हटलं, "ताई, गेली हे खरं आहे, पण त्यामुळे मार्क गेले हे खरं नाही. आणि मुलाखतीत कुणी तारखा जुळवल्या, तर तिने काय सांगायचं?" ताई चिडली. चार दिवस फोन नाही. लेकीचे ४१ मार्क आपल्याला साडेतीन वर्षं कळलेच नाहीत, याचं तिला जास्त लागलं असावं.

भाचीने पुन्हा लिहिलं. त्याचं सार असं: 'पहिल्या वर्षी मला रसायनात सी मिळाला. शाळेत कुणाला न विचारता जमत होतं, म्हणून कॉलेजमध्येही मी मदत मागितली नाही. दुसऱ्या वर्षापासून दर आठवड्याला ऑफिस अवर्सना जाऊ लागले आणि चार मैत्रिणींबरोबर बसून गणितं सोडवू लागले. पुढच्या तीन वर्षांचे मार्क त्यानंतरचे आहेत.' बस, एवढंच. आजी त्यात नाही.

तुमच्यापैकी कुणाची भावंडं तिकडे असतील, कुणी स्वतः जाणार असेल, म्हणून या चार महिन्यांत मी जे शिकले ते सांगते.

पहिलं म्हणजे, कारणाआधी आकडे. भाचीच्या पहिल्या वर्षाची सरासरी चारपैकी २.६ होती. पुढची दोन वर्षं सलग ३.८ मिळवूनही तीन वर्षांची एकूण सरासरी ३.४ च झाली. चौथं वर्ष धरून ३.५. एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७ च्या वर असते. म्हणून ती तिसऱ्या वर्षानंतर अर्ज न करता एक वर्ष थांबली. थांबण्यात कमीपणा नाही. पदवीनंतरही विज्ञानाचे विषय घेऊन, 'पोस्ट-बॅक' करून अर्ज करणारे पुष्कळ असतात. पुढचे मार्क सुधारलेले नसतील, तर नुसत्या कारणाचा उपयोग होत नाही.

दुसरं, कुठे लिहायचं. मुख्य निबंधाला मोकळ्या जागांसकट ५,३०० अक्षरं मिळतात आणि ती डॉक्टर का व्हायचंय हे सांगायला असतात. तिथे मार्कांचं रडगाणं नको. लिहायचंच तर दोन ओळी. खरी जागा पुढे येते. मुख्य अर्ज गेल्यावर एकेक कॉलेज आपले 'सेकंडरी' प्रश्न पाठवतं आणि त्यांत शिक्षणातल्या अडचणींबद्दल बरेचदा थेट विचारतात. मुख्य अर्जातच १,३२५ अक्षरांचा आणखी एक ऐच्छिक निबंध असतो, पण तो घरची मोठी ओढाताण, पैशांची चणचण अशा खऱ्या संकटांसाठी. तिथे उगाच काहीतरी भरू नये.

तिसरं, काय लिहायचं. काय झालं, मी काय बदललं, आणि ते कुठे दिसतं, एवढ्या तीनच गोष्टी. प्राध्यापक कडक होते, रूममेट वाईट होती, विषयच मुद्दाम गाळणी लावायला ठेवलेला होता, हे सगळं खरं असलं तरी गाळावं. पाच कारणं दिली की एकही पटत नाही. आणि आजारपण हेच खरं कारण असेल, तर ते बेलाशक लिहावं. आजाराचा सगळा तपशील उघडा करायची गरज नाही. कधी सुरू झालं, उपचार घेतले, आता काम नीट चालू आहे, इतकं पुरतं. तारखा मात्र गुणपत्रिकेशी जुळल्या पाहिजेत.

हे फक्त मेडिकलवाल्यांसाठी नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी एटीकेटी लागलेली आपली किती मुलं नंतर एमएससाठी अर्ज करतात! त्यांनाही हेच लागू आहे. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाने आपल्या दोन एटीकेटींचं खापर पेपर तपासणाऱ्यांवर फोडलं होतं. मी विचारलं, "मग पुढच्या वर्षी तेच तपासनीस सुधारले का रे?" तो हसला आणि पान घेऊन गेला.

आणि आईबाबांनो, हे सदर तुम्हीही वाचता, म्हणून तुम्हालाही एक. रविवारच्या कॉलवर आपण "अभ्यास कसा चाललाय?" विचारतो आणि "मस्त" ऐकून फोन ठेवतो. "या आठवड्यात काय जमलं नाही?" असं आपल्यापैकी किती जण विचारतात? मीही कधी विचारलं नव्हतं.

भाचीचा अर्ज जूनमध्ये गेला. जुलैत सेकंडरी आल्या आणि त्यांतल्या तीन कॉलेजांनी पहिल्या वर्षाबद्दल विचारलंच. तिघांनाही तिने तेच लिहिलं. अजून मुलाखतीचं बोलावणं नाही, रोज मेल बघणं चालू आहे. ताई आता माझ्याशी बोलते. परवा म्हणाली, "कार्टीने मला ती ४१ मार्कांची उत्तरपत्रिका दाखवली. जपून ठेवलीय तिने."

तुमच्याकडे असं एखादं पान अडलं असेल तर अंकाच्या पत्त्यावर पाठवा. वाचून देईन. फक्त तारखा विचारीन, तेवढी तयारी ठेवा.